ठरलेला दिवस मोडतो तेव्हा... ख्रिस्ती श्रद्धा काय सांगते?

मृग नक्षत्र लागले की यवतमाळ जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या मनात दिवसांचा हिशेब सुरू होतो. वखरणी कधी आटोपायची, बियाणे कधी आणायचे, मजूर कोणत्या दिवशी सांगायचे आणि कपाशी कधी टोबायची, हे सारे मनोमन ठरलेले असते. पहिला पाऊस येतो, पेरणी होते आणि मग पंधरा-पंधरा दिवस आभाळ कोरडे राहते. दुबार पेरणीचे संकट उभे राहते आणि ठरलेला सगळा हिशेब कोलमडतो. कोरडवाहू शेतीवर उभ्या असलेल्या या जिल्ह्यात योजना मोडणे ही अपवादाची गोष्ट नाही. तो जगण्याचाच एक भाग आहे.

मोठ्या संकटांचे असेच, आणि लहान अडचणींचेही असेच. सकाळची एसटी येत नाही, शेतपंपाची वीज ऐन ओलिताच्या वेळी जाते, परीक्षेच्या आदल्या दिवशी घरात कुणी आजारी पडते, महत्त्वाच्या कामाला निघताना पाहुणा दारात उभा राहतो. अशा वेळी माणसाची चिडचिड होते, हताशपणा येतो. धर्मश्रद्धा अशा क्षणी माणसाला काही देऊ शकते काय, हा प्रश्न सर्वच धर्मांपुढे आहे. यवतमाळ जिल्ह्यात लोकसंख्येच्या एक टक्क्याहून कमी असलेला, परंतु शतकाहून अधिक काळ येथे नांदणारा ख्रिस्ती समाज या प्रश्नाकडे कसा पाहतो, त्याच्या धर्मग्रंथात आणि परंपरेत याविषयी कोणता विचार आहे, हे समजून घेणे उद्‌बोधक ठरेल.

'प्रभूची इच्छा असेल तर'

बायबलच्या नव्या करारात याकोबाचे एक छोटे पत्र आहे. त्याच्या चौथ्या अध्यायात व्यापाऱ्यांना उद्देशून काही ओळी येतात. आज किंवा उद्या अमुक नगरात जाऊ, तेथे वर्षभर राहू, व्यापार करू आणि नफा मिळवू असे म्हणणाऱ्यांना याकोब विचारतो की, उद्या काय होणार हे तुम्हाला ठाऊक आहे काय? मनुष्याचे आयुष्य क्षणभर दिसून नाहीशा होणाऱ्या वाफेसारखे आहे. म्हणून प्रभूची इच्छा असेल तर आपण जगू आणि अमुक करू असे म्हणावे, असा त्याचा सल्ला आहे. अनेक ख्रिस्ती कुटुंबांत पुढच्या बेताविषयी बोलताना हे शब्द सहज येतात. 'देवाच्या मनात असेल तर' असे म्हणणाऱ्या किंवा 'इन्शाअल्ला' म्हणणाऱ्या शेजाऱ्यांना ही भावना मुळीच अपरिचित नाही.

मात्र या शब्दांचा अर्थ योजना करूच नये असा होत नाही. 'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' ही वृत्ती बायबललाही मान्य नाही. बुरूज बांधू इच्छिणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, नाही तर पाया घालून काम अर्धवट राहील आणि लोक हसतील, असा दाखला येशूने दिल्याचे लूकच्या शुभवर्तमानात नमूद आहे. नीतिसूत्रांच्या पुस्तकात आळशी माणसाला मुंगीकडून धडा घेण्यास सांगितले आहे. याकोबाचा आक्षेप योजनेला नसून योजनेतील गर्वाला आहे. उद्याचा दिवस आपल्या मालकीचा आहे, असे समजून चालणाऱ्याला तो दिवस हातून निसटला की अन्याय झाल्यासारखे वाटते. तो दिवस मुळात उसना मिळालेला आहे असे मानणाऱ्यालाही दुःख होतेच. पण त्याच्या पायाखालची जमीन सरकत नाही.

वाटेत थांबणारा येशू

योजना मोडल्यावर काय करावे, याचे उत्तर ख्रिस्ती परंपरा उपदेशापेक्षा प्रसंगांतून अधिक देते. मार्कच्या शुभवर्तमानातील पाचव्या अध्यायातील प्रसंग या दृष्टीने फार बोलका आहे. याईर नावाचा सभास्थानाचा अधिकारी येशूच्या पाया पडून आपली मुलगी मरणाच्या दारी असल्याचे सांगतो. येशू त्याच्याबरोबर निघतो. वाटेत गर्दी असते. त्या गर्दीत बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेली एक स्त्री मागून येऊन त्याच्या वस्त्राला स्पर्श करते. येशू थांबतो, कोणी स्पर्श केला ते विचारतो आणि तिचे सारे म्हणणे ऐकून घेतो. तेवढ्यात याईराच्या घरून मुलगी मेल्याची बातमी येते.

या कथेत दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली अशी की, वाटेतला अडथळा येशूच्या दृष्टीने अडथळा उरत नाही. ती एका माणसाशी झालेली भेट ठरते. समाजाने अशुद्ध मानलेली, वैद्यांपायी सर्व पैसा घालवून बसलेली ती स्त्री त्या दिवसाच्या कार्यक्रमात कुठेच नव्हती. दुसरी गोष्ट सहसा दुर्लक्षित राहते. कथा या विलंबाची किंमत लपवत नाही. थांबण्यात वेळ गेला आणि मुलगी गेली, असेच त्या बापाला वाटले असणार. परंतु येशू वाटेतल्या कामात रमून मूळ वचन विसरत नाही. तो याईराच्या घरी जातो आणि मुलीला उठवतो. अचानक आलेल्या माणसासाठी थांबणे आणि दिलेला शब्द पाळणे, या दोन्ही गोष्टी या कथेत बरोबरीने उभ्या आहेत.

चांगल्या शोमरोनी माणसाचा दाखलाही हेच सांगतो. लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेल्या माणसाला पाहून याजक आणि लेवी बाजूने निघून जातात. त्यांना कोठे तरी पोहोचायचे असावे. शोमरोनीही प्रवासातच होता. पण तो थांबला. जर्मन धर्मचिंतक डीट्रिश बॉनहॉफर यांनी १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या एका पुस्तकात सामूहिक ख्रिस्ती जीवनाविषयी लिहिताना याच दाखल्याचा आधार घेतला आहे. देव माणसांना आपल्या वाटेत पाठवून आपले बेत मोडत असतो आणि ते मोडू देण्याची तयारी श्रद्धावंताने ठेवावी, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. हिटलरच्या राजवटीला विरोध करणाऱ्या बॉनहॉफर यांना पुढे १९४३ मध्ये अटक झाली आणि १९४५ मध्ये फाशी देण्यात आली. त्यांच्या स्वतःच्या आयुष्याचे बेतही, विवाहाच्या बेतासह, अपुरेच राहिले.

बंद वाटा आणि संत्र्यांची बाग

काही वेळा मोडते ते एका दिवसाचे वेळापत्रक नसते. आयुष्याची दिशाच बदलते. प्रेषित पौलाच्या प्रवासात असे प्रसंग वारंवार येतात. प्रेषितांच्या कृत्यांच्या सोळाव्या अध्यायात तो आणि त्याचे सोबती आशिया प्रांतात जाऊ पाहतात, पण वाट मिळत नाही. बिथुनियाकडे वळतात, तीही वाट बंद होते. अखेर ते समुद्रकाठच्या त्रोवस गावी येऊन थांबतात आणि तेथून पलीकडे मासेदोनियाला जातात. रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात त्याने रोममार्गे स्पेनला जाण्याचा बेत कळवला होता. प्रत्यक्षात तो रोमला पोहोचला तो कैदी म्हणून.

महाराष्ट्रात याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे पंडिता रमाबाई. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या तेव्हा वैद्यकीय शिक्षण घेऊन भारतीय स्त्रियांची सेवा करावी, असा त्यांचा मानस होता. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परंतु श्रवणशक्ती कमी असल्याने डॉक्टर होण्याचा बेत सोडावा लागला. ती वाट बंद झाल्यावर त्या शिक्षणाकडे वळल्या. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेला गेल्या, तेथे व्याख्याने देऊन साहाय्य उभे केले आणि १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू केले. पुढच्या वर्षी ते पुण्यास हलवण्यात आले.

अमेरिकेतील साहाय्य दहा वर्षांपुरते होते. त्यानंतर संस्थेला स्वतःचे उत्पन्न असावे म्हणून रमाबाईंनी केडगाव येथे जमीन घेऊन फळबाग लावली. त्यात संत्र्यांची झाडे होती. हा अगदी व्यवहारी आणि दूरदृष्टीचा बेत होता. परंतु १८९६-९७ च्या दुष्काळाने मध्य प्रांतात हाहाकार उडाला. रमाबाई तेथे गेल्या आणि निराधार मुली व विधवा यांना सोबत घेऊन आल्या. त्याच सुमारास पुण्यात प्लेगची साथ पसरली आणि इतक्या मुलींना शहरात ठेवणे अशक्य झाले. तेव्हा फळबागेसाठी घेतलेल्या केडगावच्या शेतावरच निवारे उभारावे लागले. त्यातून मुक्ती मिशन उभे राहिले. उत्पन्नासाठी घेतलेली जमीन आश्रयस्थान झाली.

या कथेचा शेवट मात्र गोड गोष्टीसारखा नाही. आपल्यामागे संस्था सांभाळील अशी ज्या कन्येकडून अपेक्षा होती, त्या मनोरमाबाई १९२१ मध्ये आईच्या आधी निवर्तल्या. मूळ भाषांतून बायबलचा मराठी अनुवाद करण्याचे काम रमाबाईंनी अखेरपर्यंत चालू ठेवले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. प्रत्येक मोडलेल्या योजनेतून काही तरी अधिक चांगले निघतेच, असे रमाबाईंचे चरित्र सांगत नाही. मोडलेल्या योजनेनंतरही करण्यासारखे काम शिल्लक असते, एवढेच ते सांगते.

वऱ्हाडातील वाटचाल

यवतमाळ जिल्ह्यातील ख्रिस्ती मंडळींचा इतिहासही सरळ रेषेत गेलेला नाही. हा जिल्हा पूर्वी वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. १९०५ मध्ये त्याला यवतमाळ हे नाव मिळाले. अमेरिकेतील फ्री मेथॉडिस्ट पंथाचे अर्नेस्ट आणि फीबी वॉर्ड हे दांपत्य १८८१ मध्ये भारतात आले, त्यांचे पहिले ठाणे बऱ्हाणपूर होते. पुढे या मिशनच्या कार्याचे केंद्र यवतमाळकडे सरकले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वऱ्हाड आणि मध्य प्रांतावर कोसळलेल्या दुष्काळांनी इतर मिशनांप्रमाणे या मिशनचेही काम बदलून टाकले. प्रचाराइतकेच अन्नछत्र आणि अनाथ मुलांचा सांभाळ हेही काम झाले. पुढच्या काळात उमरी येथील मिशन रुग्णालयाने आसपासच्या खेड्यांतील रुग्णांची सेवा केली.

यवतमाळचे नाव भारतभरच्या ख्रिस्ती समाजात पोहोचले ते येथील धर्मशिक्षणसंस्थेमुळे. १९३८ मध्ये येथे मराठी माध्यमाचे बायबल विद्यालय सुरू झाले. त्यातूनच १९५३ मध्ये युनियन बिब्लिकल सेमिनरी आकारास आली. निरनिराळ्या प्रांतांचे, निरनिराळ्या भाषांचे विद्यार्थी तीन दशके यवतमाळात शिकले. १९८३ मध्ये ही संस्था पुण्याला स्थलांतरित झाली. एका लहान शहराच्या ओळखीचा मोठा भाग असा दूर गेला. स्थानिक मंडळ्यांची उपासना मात्र चालू राहिली. संस्था जातात, येतात. मंडळी म्हणजे इमारत नव्हे, एकत्र येणारी माणसे, ही नव्या कराराची शिकवण अशा वेळी कसोटीला लागते.

ही कसोटी अलीकडे पुन्हा लागली. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी जाहीर झाली आणि १२ एप्रिलचा ईस्टर चर्चची दारे बंद असताना घरोघरी साजरा झाला. फेब्रुवारी २०२१ मध्ये रुग्णसंख्या वाढल्याने यवतमाळ आणि अमरावती जिल्ह्यांत पुन्हा निर्बंध आले, तेव्हा ईस्टरपूर्वीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ नुकताच सुरू झाला होता. विवाह लांबले, अंत्यविधी मोजक्या माणसांत उरकावे लागले. ख्रिस्ती कुटुंबांसमोर तेव्हा उभा राहिलेला प्रश्न इतर सर्वांसारखाच होता. जे ठरले होते ते होणार नाही. मग आज काय करायचे?

कोणाचा दिवस मोडतो?

अडथळ्याला भेट मानावे, हा विचार सुंदर आहे. परंतु त्याची किंमत घरातील सर्वांना सारखी मोजावी लागत नाही. अवचित आलेल्या पाहुण्याचे स्वागत घरातील पुरुष करतो आणि चुलीपुढचा दिवस स्त्रीचा मोडतो. मराठी ख्रिस्ती साहित्यात याची सर्वांत प्रांजळ साक्ष लक्ष्मीबाई टिळक यांच्या 'स्मृतिचित्रे'मध्ये आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने जात असता एका अनोळखी प्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला. त्या एका अकल्पित भेटीने टिळकांचे आयुष्य बदलले. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि त्या निर्णयाचा आघात लक्ष्मीबाईंवर कोसळला. पतीपासून दूर राहण्याची काही वर्षे त्यांनी सोसली. पुढे १९०० मध्ये त्यांनी स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

टिळकांचा लहरी, उदार स्वभाव आणि त्यापायी संसाराची होणारी ओढाताण लक्ष्मीबाईंनी विनोदाने, पण काहीही न लपवता सांगितली आहे. १९१९ मध्ये टिळकांचे निधन झाले तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अपुरेच होते. ते लक्ष्मीबाईंनी पुरे केले. दुसऱ्याच्या निर्णयांनी ज्यांचे दिवस वारंवार मोडतात, त्यांना सहनशीलतेचा उपदेश करण्यापूर्वी त्यांच्या वाट्याचा भार कमी कसा होईल हे पाहणे, हाही शेजारप्रीतीचाच भाग आहे.

'देवाची मर्जी' म्हणण्याचा धोका

येथे या विचाराची खरी परीक्षा सुरू होते. यवतमाळ हा शेतकरी आत्महत्यांमुळे देशभर चर्चिला गेलेला जिल्हा आहे. जुलै २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले, त्यात यवतमाळचा समावेश होता. २०१७ च्या खरीप हंगामात कपाशीवर कीटकनाशकांची फवारणी करताना विषबाधा होऊन या जिल्ह्यात अनेक शेतकरी व शेतमजुरांचा मृत्यू झाला आणि राज्य सरकारला विशेष तपास पथक नेमावे लागले. जुलै २०२३ च्या अतिवृष्टीत महागाव तालुक्यात पुरात अडकलेल्या लोकांसाठी हवाई दलाच्या हेलिकॉप्टरची मदत मागवावी लागली.

अशा प्रसंगी 'देवाची योजना असेल' असे शब्द सांत्वनासाठी सहज बोलले जातात. परंतु ऐकणाऱ्याला ते जखमेवर मीठ चोळल्यासारखे वाटू शकतात. बायबलमध्येच या वृत्तीला स्पष्ट विरोध आहे. शिलोह येथील बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, ती इतरांपेक्षा अधिक पापी होती असे तुम्हाला वाटते काय, असे विचारून येशू स्वतःच नकारार्थी उत्तर देतो. ईयोबाची संपत्ती, मुले आणि आरोग्य गेल्यावर त्याचे मित्र त्याला धर्मशास्त्रीय कारणे ऐकवतात. पुस्तकाच्या अखेरीस देव ईयोबाला नव्हे, तर त्या मित्रांनाच दोष देतो. कुरकुर करणारा, देवाला जाब विचारणारा ईयोब देवाच्या लेखी अधिक खरे बोललेला असतो. स्तोत्रसंहितेतील कितीतरी स्तोत्रे ही स्तुतिगीते नसून आक्रोश आहेत.

विषारी औषधाची फवारणी संरक्षक साधनांविना करावी लागणे, कर्जाचा फास, अपुरी आरोग्यसेवा यांना देवाची मर्जी म्हणणे म्हणजे माणसांची जबाबदारी देवाच्या माथी मारणे होय. सकाळची बस चुकणे आणि हंगाम बुडणे या दोन गोष्टींना एकच सल्ला लागू पडत नाही. पहिल्या प्रसंगी संयम पुरतो; दुसऱ्या प्रसंगी संयमाबरोबर शेजाऱ्याची साथ, वेळीच मिळणारी मदत आणि न्यायाची मागणी यांची आवश्यकता असते. म्हणूनच चांगला पाळक दुःखी घरात जातो तेव्हा कारणे सांगत नाही. आधी शांतपणे बसतो. ईयोबाच्या मित्रांनीही पहिले सात दिवस नेमके हेच केले होते. त्यांचे चुकले ते तोंड उघडल्यावर.

रोजच्या जीवनात

ख्रिस्ती परंपरेने या विचाराला रोजच्या सवयींचे रूप दिले आहे. सकाळच्या प्रार्थनेत दिवसाचे बेत देवापुढे मांडले जातात. त्यामागे ते बदलू शकतात ही कबुली असते. रात्रीचे आत्मपरीक्षण ही दुसरी सवय. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांनी तिला शिस्तबद्ध रूप दिले. १५२१ मध्ये पांप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय जखमी होऊन अंथरुणाला खिळलेला हा सैनिक त्या सक्तीच्या विश्रांतीतच धर्मग्रंथांकडे वळला होता. दिवसभरात काय घडले, कोठे कृतज्ञता वाटली, कोठे आपण चिडलो, कोणाला टाळले, याची शांतपणे उजळणी करणे हे या आत्मपरीक्षणाचे स्वरूप. सकाळी ज्याला व्यत्यय म्हटले, त्यात कोणी गरजू माणूस होता काय, हे बहुधा रात्रीच कळते.

तिसरी सवय साप्ताहिक विश्रांतीची. आठवड्यातून एक दिवस काम आपण होऊन थांबवणारा माणूस जगाचा गाडा आपल्याविनाही चालतो हे शिकतो आणि अवचित थांबावे लागले तर कमी घाबरतो. चौथी सवय एकमेकांचा भार वाहण्याची. रुग्णाच्या घरी डबा पोहोचवणे, शेजाऱ्याच्या पेरणीला हात लावणे, मुलांना सांभाळणे अशी कामे करणारी मंडळी असली, की एका घराचा मोडलेला दिवस अनेक घरे मिळून सावरतात. यवतमाळच्या खेड्यांत धर्माची सीमा ओलांडून चालत आलेली ही रीत ख्रिस्ती शिकवणीला अगदी जवळची आहे.

श्रद्धेमुळे पाऊस वेळेवर येत नाही, की एसटी वेळेवर सुटत नाही. ठरवलेले घडले नाही तर देवाने आपल्याला टाकले, असा निष्कर्ष काढू नये, एवढे ती सांगते. आणि त्याच वेळी, दुसऱ्याचे ठरवलेले मोडले असता ती देवाची इच्छा होती, असा निकालही देऊ नये. 'हे का घडले?' या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा मिळत नाही. 'आता माझ्यासमोर कोण उभे आहे?' या प्रश्नाचे उत्तर मात्र बहुतेक वेळा दारातच असते. दुबार पेरणीसाठी पुन्हा तिफण जुंपणाऱ्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. त्याला लागते ते बियाणे, आणि ते आणून देणारा शेजारी.